रुंद पाठीचा घोडा आणि त्याचं खोगीर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा सहा वर्षांचा खच्ची केलेला घोडा ५८ इंची आहे. बांधा कॉबचा : आखूड पाठ, रुंद छाती, भरलेल्या बरगड्या. पाठ अगदी सपाट, विदर्सचा (मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या वरचा) उंचवटा जवळजवळ नाहीच. कानपूरहून ‘वाइड’ मापाचं खोगीर मागवलं, तरी चढताना ते एका बाजूला फिरतं आणि दुडक्या चालीत पुढे खांद्यावर सरकतं. खाली जाड नमदा (लोकरीची गादी) घालू, की ‘एक्स्ट्रा वाइड’ घेऊ? – एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : नमदा वाढवू नका आणि दुसरं खोगीरही इतक्यात मागवू नका. ‘वाइड’ या मापाला सर्वमान्य प्रमाण नाही. एका कारखान्याचं वाइड दुसऱ्याच्या मीडियमइतकंच निघू शकतं. शिवाय या मापातून फक्त पुढच्या कमानीची रुंदी कळते, तिचा आकार कळत नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून अडचण आकाराची दिसते.

खोगिराच्या आतला सांगाडा, म्हणजे ट्री, समोरून पाहिला तर त्याची कमान उलट्या व्हीसारखी असते किंवा उलट्या यूसारखी. मारवाडी किंवा थरोब्रेड घोड्याच्या उंच, उतरत्या विदर्सवर व्ही बसते. तुमच्या घोड्यासारख्या गोल पाठीवर ती कितीही रुंद घेतली तरी तिची टोकंच टेकतात आणि वर पोकळी राहते. असं खोगीर उंचावर तरंगतं, रिकिबीत पाय टाकताच फिरतं. या घोड्याला यू कमान हवी. ती गरजेपेक्षा रुंद झाली तर पुढचा भाग खाली बसतो, स्वार पुढे झुकतो आणि सगळं वजन खांद्यांवर येतं. म्हणून अंदाजाने एक माप वर जाणं हा उपाय नव्हे.

आता खोगीर बाजूने पाहा. सपाट पाठीवर ट्री आणि खालच्या गाद्याही लांबीच्या दिशेने सपाट लागतात. केळीसारख्या वळलेल्या गाद्या मध्येच टेकतात आणि खोगीर पुढे-मागे डुलतं. नमद्याशिवाय ठेवून एक हात पुढच्या कमानीवर, दुसरा मागच्या कडेवर ठेवा आणि आलटून पालटून दाबा. ते डुललं, तर सांगाडाच या पाठीचा नाही. गाद्यांमध्ये लोकर भरून किंवा काढून छोटे फरक निघतात, सांगाड्याचा दोष निघत नाही. जाड नमद्याने तर अरुंद कमान आणखी अरुंद होते.

माप असं घ्या. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखं वजन घेऊन, मान नेहमीच्या उंचीवर ठेवून उभा करा. ड्रॉइंगच्या दुकानात मिळणारी ६० सेंटिमीटरची लवचिक पट्टी घ्या. फावड्याच्या हाडाची मागची कड हाताने चाचपा. पुढचा पाय दुसऱ्या माणसाला पुढे ओढायला सांगितलं की ती नीट कळते. त्या कडेमागे दोन-तीन बोटांवर पट्टी आडवी दाबून आकार घ्या आणि जाड पुठ्ठ्यावर गिरवा. दुसरा आकार पाठीच्या सर्वांत खोल जागी, तिसरा शेवटच्या बरगडीजवळ, आणि चौथा विदर्सपासून कमरेपर्यंत कण्यालगत उभा. डावी-उजवी बाजू आणि तारीख लिहून ठेवा. शेवटची बरगडी कुशीवर सापडते. तिच्यामागोमाग बोट कण्यापर्यंत वर न्या. खोगिराचा भार त्या जागेच्या मागे जाता कामा नये. आखूड पाठीवर ही मर्यादा फार कडक असते, आणि मोठ्या बैठकीचा आग्रह धरणाऱ्या स्वारांना ती आवडत नाही. पण आधी घोड्याची पाठ, मग स्वाराची बैठक, हाच क्रम योग्य.

हे पुठ्ठे कारागिराकडे पाठवून मागणी अशी करा : यू कमान, सपाट ट्री, रुंद आणि लोकर भरलेल्या गाद्या, आणि दोन गाद्यांमधली वाट पुढून मागपर्यंत तीन ते चार बोटांची. पुठ्ठा कापून कमानीखाली धरला तर खोगीर घरी येण्याआधीच जुळतं की नाही कळतं.

खोगीर पुढे सरकण्याचं कारण मात्र बहुधा तंगात, म्हणजे छातीखालून आवळायच्या पट्ट्यात आहे. तंग छातीच्या सर्वांत अरुंद जागी जाऊन बसतो. भरलेल्या बरगड्यांच्या घोड्यात ती जागा कोपरांच्या अगदी मागे असते, म्हणून तंग पुढे जातो आणि खोगिरालाही ओढतो. मध्यभागी पुढे वळलेला, आकार दिलेला तंग वापरा. त्याने तंगाला आपली जागा मिळते आणि खोगीर मागे राहू शकतं. तंग अडकवायचा पुढचा पट्टा ट्रीच्या टोकापासून आणि मागचा बैठकीच्या मागच्या भागापासून निघेल, अशी रचना डोलणं कमी करते. तंग आवळून हे साधत नाही, श्वास मात्र अडतो. उतारावर चालायचं असेल तर दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा लावा. शेपटीखालचा भाग मऊ, स्वच्छ ठेवा आणि तिथे दोन बोटं सहज जातील इतकी ढील द्या. चढायला ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीचा भक्कम ओटा वापरा. ज्याला विदर्सच नाही त्या घोड्यावर जमिनीवरून चढणं म्हणजे दर वेळी खोगीर एका बाजूला ओढणं.

आणखी एक. घोडा मुळातच रुंद आहे की चरबीने रुंद झालाय, हे पाहा. बरगड्या हलक्या हाताने लागत नसतील आणि कण्यावर चर पडला असेल तर वजन जास्त आहे, आणि अशा बांध्याच्या घोड्याला लॅमिनायटिसचा (खुरांच्या आतल्या दाहाचा) धोका असतो. वजनाचा अंदाज : छातीचा घेर (सेंटिमीटर) गुणिले घेर गुणिले शरीराची लांबी (सेंटिमीटर), भागिले ११,८८०. घेर १७० आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी १५० असेल तर सुमारे ३६५ किलो. स्वार आणि साज मिळून २० टक्क्यांच्या आत ठेवले तर इथे मर्यादा ७३ किलो. उपाशी ठेवून वजन उतरवू नका, पशुवैद्याला विचारा; सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्याने पाठीचा आकार बदलतो, म्हणून उन्हाळ्यात आणि दसऱ्याच्या सुमारास दोनदा माप घ्या.

प्रश्न : मे महिन्यात खोगीर काढल्यावर पाठ ओलीचिंब असते, पण दोन्ही खांद्यांमागे कोरडे ठिपके दिसतात. चिंता करावी का? – एक वाचक, हिंगणा

उत्तर : हो. ओल्या भागात कोरडा ठिपका म्हणजे तिथे दाब फार तरी आहे किंवा स्पर्शच नाही. बोटांनी दाबा; घोडा पाठ खाली नेतो का, केस उलटे झालेत का, पाहा. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा, कारण सूज उशिरा वर येते. पांढरे केस दिसले तर तो जुना दाब आहे. रबरी न घसरणारी गादी या उन्हात उष्णता कोंडते, ती टाळा. खोगीर रोज एकाच बाजूला सरकत असेल तर फक्त खोगिराला दोष देऊ नका. मागच्या पायातलं हलकं लंगडणंही कारण असू शकतं.

प्रश्न : जुनं खोगीर घेताना ट्री तुटलाय का, कसं ओळखावं? – एक वाचक, कामठी

उत्तर : पुढच्या कमानीची दोन्ही टोकं आत दाबा, मग बाहेर ओढा. हालचाल किंवा टिकटिक आवाज नको. मग पुढची कड पोटाशी धरून मागची कड स्वतःकडे ओढा. थोडी लवचिकता चालते. बैठकीच्या मध्ये आडवी घडी पडली किंवा करकर ऐकू आली तर घेऊ नका. तंगाचे पट्टे वाकवून भेगा पाहा, शिवण बोटाने ओढा. पावसाळ्यात साठवलेल्या चामड्यात बुरशी वरून पुसलेली असते, पण शिवणीचा दोरा कुजलेला असतो.