असीरियन लोक अजून आहेत का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेत आम्ही शिकलो की इ.स.पू. ६१२ ला आजच्या इराकमधली असीरियन साम्राज्याची राजधानी निनवे पडली आणि असीरियन संपले. पण परवा इन्स्टाग्रामवर एक मुलगी सांगत होती, मी असीरियन आहे, घरी आम्ही आमचीच भाषा बोलतो. हे खरंच तेच लोक का? आणि सिरिया म्हणजेच असीरिया का? (कॉलेज विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : हो ताई, तेच लोक. म्हणजे मधल्या अडीच हजार वर्षांत मिसळ झाली नाही असं नाही, ती कुठल्या समाजात होत नाही, पण राजे मेले आणि राजवाडे जळले म्हणून गावातला शेतकरी, कुंभार, पुजारी कुठे जाणार, ते तिथेच राहिले. याला पुरावाही आहे. अश्शूर हे त्यांचं सगळ्यात जुनं राजधानीचं शहर, तैग्रिस नदीच्या काठावर, आजच्या इराकमधल्या शरकातला लागून. तिथे साम्राज्य बुडाल्यावर सातशे-आठशे वर्षांनी, पार्थियन लोकांच्या काळात, अश्शूर देवाचं देऊळ परत उभं होतं आणि लोक त्या देवाचं नाव असलेली स्वतःची नावं अरामी अक्षरांत दगडावर कोरत होते. (जाता जाता, ऑक्टोबर १९१८ मध्ये याच शरकातला तुर्कांविरुद्ध मोठी लढाई झाली, त्यात ११४वी मराठा पलटण होती. आपल्याकडच्या किती घरांतले पणजोबा त्या ढिगाऱ्यांच्या शेजारी लढले असतील, मला हे कळलं तेव्हा खूप वेळ काही सुचलंच नाही.)

सिरियाचं म्हणाल तर देश वेगळा पण नाव त्याच मुळातलं. १९९७ मध्ये तुर्कस्तानात अदानाजवळ चिनेकोय इथे इ.स.पू. आठव्या शतकातला एक लेख सापडला, तोच मजकूर दोन भाषांत, लुवियन आणि फिनिशियन. लुवियनमध्ये 'सुरा' लिहिलंय, फिनिशियनमध्ये त्याच जागी 'अश्शूर'. म्हणजे सुरुवातीचा 'अ' गळून जायची सवय तेव्हापासूनची. आजही हे लोक स्वतःला 'सुराये' म्हणतात, भाषेला 'सुरेत'. हे लोक पुढे ख्रिस्ती झाले. त्यातले काही स्वतःला खाल्दियन म्हणवतात, काही सिरियाक किंवा अरामियन, चर्चप्रमाणे नावं बदलतात आणि त्यावरून आपसात वादही होतात, कुठलं नाव बरोबर ते बाहेरच्याने ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

संपले म्हणणाऱ्यांनी पुढचा इतिहास बघावा. १९१५ मध्ये ऑटोमन राजवटीत अर्मेनियन लोकांबरोबर आजच्या तुर्कस्तानातल्या हक्कारी, तूर अब्दीन आणि इराणमधल्या उर्मियाच्या भागातले असीरियनही मारले गेले, गावंच्या गावं रिकामी झाली, त्याला ते 'सैफो' म्हणतात, म्हणजे तलवार. उर्मियातून जीव घेऊन पळालेले हजारो लोक शेवटी बगदादजवळ बाकुबाच्या छावणीत पोचले. मग ऑगस्ट १९३३ मध्ये इराकी सैन्याने सिमेले गावात आणि आजूबाजूला कत्तल केली. पुढे 'जेनोसाइड' हा शब्द तयार करणारे राफाएल लेमकिन यांच्या विचारावर ज्या घटनांचा परिणाम झाला त्यात सिमेले आहे. मग २०१४, आयसिस निनवेच्या मैदानात शिरली, काराकोश हे त्यांचं गाव एका रात्रीत रिकामं झालं, आणि २०१५ मध्ये निमरूद या जुन्या असीरियन राजधानीतला राजवाडा सुरुंग लावून उडवला. आज शिकागो, डेट्रॉइट, सिडनी, स्वीडनमधलं सोदरतेल्ये इथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. सोदरतेल्येचा त्यांचा 'असिरिस्का' हा फुटबॉल क्लब २००५ ला स्वीडनच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळला. संपलेल्या लोकांचा फुटबॉल क्लब नसतो ना.

प्रश्न : येशू अरामी बोलायचा असं वाचलंय. ती भाषा मेली ना? आणि ती असीरियन लोकांकडे कशी गेली, त्यांची तर क्यूनिफॉर्मवाली वेगळी भाषा होती? (निवृत्त शिक्षक, अलिबाग)

उत्तर : सर, प्रश्न एकदम नेमका विचारलात. असीरियन राजांची भाषा अक्कादियन, ओल्या मातीच्या पाटीवर काडीने टोचून लिहायची. अरामी ही त्यांनी ज्यांना हरवलं त्यांची भाषा. तिसरा तिग्लाथ-पिलेसर (इ.स.पू. ७४५ ते ७२७) आणि नंतरच्या राजांनी जिंकलेले लोक हजारोंनी उचलून साम्राज्यात दुसरीकडे नेऊन बसवले, त्यात अरामी पुष्कळ. जिकडे गेले तिकडे भाषा गेली, आणि फक्त बावीस अक्षरं, शाईने चामड्यावर लिहायची, मातीची पाटी वाहायला नको, मग दफ्तरात तीच चालू झाली. त्या राजवाड्यांच्या भिंतीवरच्या शिल्पांत दोन कारकून शेजारी शेजारी उभे दिसतात, एकाच्या हातात पाटी, दुसऱ्याच्या हातात गुंडाळी. त्यातला गुंडाळीवाला टिकला! पर्शियन बादशहांनी तीच भाषा कारभाराला घेतली आणि ती इजिप्तपासून गांधारपर्यंत पोचली, इतकी की सम्राट अशोकाने कंदाहारला लेख कोरला तो ग्रीक आणि अरामीत, आणि आपली खरोष्ठी लिपी निघाली ती अरामीवरूनच.

मेली म्हणाल तर अजिबात नाही. सिरियात दमास्कसजवळ मालुला आणि त्याच्या शेजारी पश्चिमेकडची अरामी बोलतात, तूर अब्दीनमध्ये तुरोयो, आणि उत्तर इराक, उर्मिया इथल्या असीरियन लोकांची सुरेत. उर्मियात १८४० ला छापखाना आला आणि १८४९ ला याच बोलीत वर्तमानपत्र निघालं, 'झह्रीरे द-बाहरा', म्हणजे प्रकाशाचे किरण. आपलं 'दर्पण' १८३२ चं, म्हणजे जवळपास एकाच पिढीत दोन्हीकडे बोलती भाषा छापून आली.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो, मराठी माणसाला ती चटकन कळेल. आपण म्हणतो 'त्याने पोपट पाहिला', 'त्याने चिमणी पाहिली'. पाहणारा तोच, पण क्रियापद फिरतं जे पाहिलं त्याच्याप्रमाणे. इंग्रजीत असं नाही, अरबीत नाही, येशूच्या काळच्या अरामीतही हा नियम नव्हता. पण सुरेतच्या बऱ्याच बोलींत आहे! 'खझेली' म्हणजे मी त्याला पाहिलं, आणि 'खिझ्याली' म्हणजे मी तिला पाहिलं, मधला 'आ' त्या बाईचा, शेवटचा 'ली' म्हणजे 'माझ्याकडून'. हे कुठून आलं तर शेजारच्या इराणी भाषांच्या सहवासातून, आणि त्याची पहिली खूण इ.स.पू. पाचव्या शतकात दिसते, इजिप्तचा पर्शियन सुभेदार अर्शाम याच्या चामड्यावर लिहिलेल्या पत्रांच्या भाषेत. तिथे एक वाक्य येतं 'केन श्मीअ ली', शब्दाला शब्द लावला तर 'असं, ऐकलेलं, माझ्याकडून'. आता पाली सुत्तं वाचणाऱ्यांनी सांगावं हे कुठे ऐकलंय. 'एवं मे सुतं'! तीच रचना, तोच अर्थ, असं मी ऐकलं. आपलं 'मी ऐकलं', 'त्याने ऐकलं' हे त्याच जुन्या रचनेचं वंशज. इराणी आणि आपल्या भाषा मुळात बहिणी, त्यांच्यातली ही सवय अरामीला शेजारधर्माने लागली. वर्गात एखाद्या पोराला व्याकरण रटाळ वाटत असेल तर सर, त्याला एवढं एक वाक्य फळ्यावर लिहून दाखवा.

शब्दांचं तर काय, अरबी-फारसीमधून आपल्याकडे आलेले कितीतरी त्याच घराण्यातले. त्यांचा 'श्लामा' आपला सलाम, त्यांचं 'क्तावा' आपली किताब, त्यांचा 'मल्का' म्हणजे राजा, आणि त्याच धातूचा आपला मालक.

आज काळजी एवढीच आहे की शिकागो-सिडनीतली तिसरी पिढी आजीचं ऐकून समजते पण उत्तर इंग्रजीत देते. पुण्या-मुंबईतल्या किती घरांत हेच चाललंय ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न : या लोकांचा भारताशी काही संबंध? (वाचक, ठाणे)

उत्तर : भरपूर, आणि तुमच्याच जिल्ह्यात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय की 'कल्लियाना'ला पर्शियातून नेमलेला बिशप आहे, आणि अभ्यासक ते आपलं कल्याण धरतात. तो बिशप म्हणजे सिरियाक भाषेत, म्हणजे अरामीच्याच एका रूपात, प्रार्थना करणाऱ्या पूर्वेच्या चर्चचा. १३२१ मध्ये ठाण्याला आलेले फ्रान्सिस्कन साधू उतरले तेही याच चर्चच्या एका कुटुंबाकडे. केरळात त्रिशूरला असीरियन चर्चचा समाज अजून आहे.

आणि कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणायचो. ते असीरियन नाहीत, ज्यू आहेत, पण वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची त्यांची पोथी, हगादा, १८७४ ला पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्यात सुरुवातीलाच जे म्हणतात ते अरामीत, 'हा लाहमा अन्या', ही दुःखाची भाकरी. सुरेतमध्ये आजही भाकरीला 'लख्मा' म्हणतात.