उपवासाची पेटी आणि भुकेल्याचे ताट

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, घरोघरी पुठ्ठ्याची एक छोटी पेटी दिली जाते. उपवासकाळात मांसमच्छी आणि हौसमौज टाळून वाचलेले पैसे तिच्यात टाकायचे. त्यातून पुढे गरजू कुटुंबांना शिधा दिला जातो. माझ्या एका हिंदू स्नेह्याने विचारले की, तुमच्या या अन्नदानात श्रद्धा किती आणि धर्मांतराचा हेतू किती? मला नीट उत्तर देता आले नाही.
– एक वाचक, वसई

उत्तर : आधी पेटीविषयी. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५८व्या अध्यायात देव विचारतो की, लव्हाळ्यासारखी मान लववणे आणि गोणपाट अंथरून बसणे यालाच तुम्ही उपवास म्हणता काय? त्याला हवा असलेला उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे. त्यामुळे न खाल्लेल्या मासळीचे पैसे घरातच राहिले, तर ती फार तर काटकसर झाली.

आता हेतूविषयी. मत्तयच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे चित्र आहे, त्यात राजा, म्हणजे ख्रिस्त, नीतिमानांना सांगतो की, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले. आणि ते गोंधळून विचारतात, ‘प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले?’ माझ्या मते साऱ्या प्रसंगाचे मर्म या गोंधळात आहे. त्यांनी समोरच्या माणसाला जेवू घातले ते तो भुकेला होता म्हणून. त्याच्या रूपाने ख्रिस्त दारात उभा आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती. ज्याला ख्रिस्त मानायचे त्याच्याकडून जेवणाची किंमत वसूल करता येत नाही, मग ती किंमत पैशाची असो वा धर्मांतराची.

तरीही स्नेह्याची शंका निराधार आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंडिता रमाबाईंचेच उदाहरण घ्या. १८७०च्या दशकातील दुष्काळात अन्नान्नदशा होऊन त्यांचे आई-वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने दगावले. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या, पुराणे सांगत फिरणाऱ्या शास्त्र्याची मुलगी होत्या. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथून सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभारले. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, मुलींच्या हातांना काम दिले, कारण रोज एवढी तोंडे नुसत्या देणग्यांवर जगवता येत नाहीत. ज्या बाईने घरच्यांना उपाशी मरताना पाहिले होते, तिच्या या धडपडीला केवळ धर्मप्रसाराची युक्ती म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र त्याआधी रमाबाईंनी धार्मिक तटस्थतेचे आश्वासन देऊन सुरू केलेल्या शारदा सदन या शाळा-वसतिगृहात मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळवला जातो, या आक्षेपावरून १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, हेही खरे. केडगावात तर ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जात असे. निराधार मुलीला जिथे अन्न आणि आसरा मिळतो तिथलाच धर्म तिने स्वीकारला, तर त्यात तिची मर्जी किती होती, हे सांगणे अवघड असते. देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी ही अडचण उरतेच.

म्हणून स्नेह्याशी हेतूवरून वाद घालू नका. हेतू कोणी उघडून दाखवू शकत नाही. शिधावाटपाची रीत मात्र दाखवता येते. शिधा घेणाऱ्याला मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) यावे लागते का, पिशवीबरोबर पत्रक दिले जाते का, फोटो काढले जातात का, हे पाहा. (उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असे प्रभूने सांगितले असताना फोटोंचा हा सोस कुठून आला, हे मला अजून उमगलेले नाही.) आणि तुमच्या धर्मग्रामातील गरजू कुटुंबांची यादी कोण व कोणत्या निकषावर करते, तिच्यात ख्रिस्तीतर घरे आहेत का, हे धर्मगुरूंना विचारून घ्या. नसतील, तर यंदाच्या वाटपाआधी स्नेह्यालाच त्याच्या आळीतील अडलेली दोन-चार घरे सुचवायला सांगा.