फेब्रुवारीत कॅलमझू: सतार, तबला आणि कोरडी हवा

प्रश्न : फेब्रुवारीत अमेरिकेचा दौरा आहे. शिकागो आणि डेट्रॉइटच्या मध्ये, मिशिगनमधल्या कॅलमझू गावात एक कार्यक्रम आणि दोन दिवस मुक्काम ठरला आहे. जाऊन आलेले म्हणतात, तिथे बघण्यासारखं काही नाही. मुक्काम एका दिवसावर आणावा का? (सतारवादक, पुणे)

उत्तर : आणू नका. वस्ती साधारण ७३ हजार, आभाळ राखाडी, विटांच्या जुन्या इमारती, एके काळी कागदाच्या गिरण्यांवर जगलेलं गाव. पहिल्या नजरेत ते मनात भरत नाही, हे खरं. पण वाद्यावर जीव असलेल्या माणसानं पार्सन्स स्ट्रीटवर जायलाच हवं. गिब्सन कंपनीचा गिटार-मँडोलिनचा कारखाना १९१७ पासून तिथे होता. १९२० च्या दशकात लॉइड लोअर या ध्वनितज्ज्ञाच्या देखरेखीखाली घडलेली एफ-५ मँडोलिन याच गावची, आणि १९५२ मध्ये आलेली लेस पॉल गिटारही इथलीच. १९८४ मध्ये कंपनीनं कारखाना बंद करून सगळं काम नॅशव्हिलला नेलं. गाव न सोडलेल्या काही कारागिरांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत ‘हेरिटेज’ नावानं गिटारी घडवायला घेतल्या. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तासन्‌तास रमणाऱ्याला ही जागा परकी वाटणार नाही.

श्रोत्यांचं म्हणाल, तर गिलमोर हा मोठा पियानो महोत्सव दर दोन वर्षांनी इथे भरतो आणि गावात विद्यापीठही आहे. शांत बसून ऐकायची सवय या गावाला आहे. आलाप आखडता घेऊ नका. १९२७ चं स्टेट थिएटर आतून जरूर पाहा. छताला आभाळाचा रंग दिला आहे आणि त्यात तारे लुकलुकतात.

दुसरा दिवस हाताशी हवा याचं आणखी एक कारण आहे, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : तिकडच्या हिवाळ्यात सतारीच्या तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी फळीला) तडा जातो, तबल्याचा स्वर चढतच राहतो, असं ऐकतो. बाहेर बर्फ असताना हवा कोरडी कशी? आणि उपाय काय? (तबलावादक, सांगली)

उत्तर : बर्फ दिसतो म्हणून हवा दमट असेल, ही समजूतच घात करते. उणे १० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सव्वादोन-अडीच ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की तिची क्षमता अठरा ग्रॅमच्या घरात जाते, बाष्प मात्र तेवढंच राहतं. म्हणजे आर्द्रता १३-१४ टक्क्यांवर येते. हीटर चालू असलेली हॉटेलची खोली अशीच असते. पावसाळ्यात आपल्याकडे ८० टक्क्यांत राहिलेलं लाकूड आणि कातडं तिथे एका रात्रीत पाणी सोडू लागतं.

सतारीची तबली आडवी आक्रसते पण कडेनं चिकटवलेली असते, म्हणून उभा तडा जातो. भोपळा आणि दांडीचा सांधा उकलतो, खुंट्या ढिल्या पडून घसरतात (खडू लावून वेळ निभते). तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणली जाऊन काळी एकचा तबला पांढरी दोनकडे, म्हणजे अर्धा स्वर वर सरकतो, आणि ताण वाढला की पुडी किनारीशी फाटते.

यावर आमचा क्रम असा. गिटारवाले वापरतात ती ४९ टक्के आर्द्रता राखणारी छोटी पाकिटं अमेरिकेत सहज मिळतात. सतारीच्या पेटीत चार आणि तबला-डग्ग्याच्या पिशवीत दोन ठेवा, तारांना ती लागू देऊ नका. सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५० टक्के उत्तम, ३५ च्या खाली गेलं की सावध व्हा. गारठलेल्या गाडीतून आणलेली पेटी लगेच उघडू नका. थंड डग्ग्यावर आणि तारांवर दव धरतं, म्हणून पाच-सहा तास ती बंदच राहू द्या. त्यानंतरही वाद्य पुरतं स्थिरावायला एक रात्र लागते. दुसरा दिवस हवा तो यासाठी.

विमानात नेताना तारा दोन-तीन स्वर उतरवा. पूर्ण सैल केल्या तर घोडी हलते आणि ज्वारी (तारेला झंकार देणारी घोडीची बैठक) बसवण्यात सकाळ जाते. तबल्याचे गट्टे (ताण कमी-जास्त करणारे लाकडी ठोकळे) खालून वर सरकवून ठेवा, आणि शक्य असेल तर अर्धा स्वर खालचा दुसरा तबला घ्या. चढला की तोच कामी येतो. पुडी उतरवायला ओला रुमाल फिरवू नका. शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) पाणी लागलं की तिचे कण सुटतात.

तडा गेलाच, तर तिथल्या तिथे भरू नका. वाद्य काही दिवस ४५ टक्क्यांत ठेवलं की तडा बराचसा मिटतो. मग सरस लावा. उघड्या तड्यात भरणी घातली तर पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि शेजारीच नवा तडा पडतो. गिटारींच्या या गावात लाकडाची आणि हवेची ही भाषा समजणारा दुरुस्तीवाला शोधा. ‘आर्द्रतेमुळे’ एवढं सांगितलं की पुढचं तो ओळखतो.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालेल का?

उत्तर : तिथे १२० व्होल्ट असतात. यंत्रावर ‘१००-२४०’ लिहिलं असेल तर फक्त चपट्या दांड्यांची पिन लागेल. नुसतं २३० असेल तर व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. फोनमधला तानपुरा सगळ्यांत सोपा.

प्रश्न : शिकागोहून गाडीनं जावं की रेल्वेनं?

उत्तर : रेल्वेनं. अंतर सव्वादोनशे किलोमीटर, ‘वूल्व्हरीन’ गाडी शिकागोच्या युनियन स्टेशनहून निघते आणि अडीच तासांच्या आसपास गावाच्या मध्यभागी उतरवते. रस्ता महामार्ग ९४ चा. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा पाणी उचलतो आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात बर्फ ओततो. शिकागोत ऊन असतानाही इथे दहा फुटांवरचं दिसत नाही. ९ जानेवारी २०१५ ला याच महामार्गावर, कॅलमझूच्या पूर्वेला, १९० हून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. गाडीच घ्यावी लागली तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारीच निघा.

आणि घड्याळ एक तास पुढे करा. कॅलमझू शिकागोच्या एक तास पुढे चालतं. सातचा कार्यक्रम म्हणजे शिकागोचे सहा. ध्वनितपासणीची वेळ आयोजकांकडून ‘तिथल्या घड्याळानं’ असं स्पष्ट लिहून घ्या.