गोष्टीतला धनेश खऱ्या धनेशासारखाच वागू दे

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी सहा वर्षांची, मुलगा नऊचा. घर गुहागरजवळ, पुढे समुद्र आणि मागे डोंगर. तरीही मुलांना पुस्तकांतले पेंग्विन आणि सिंह ओळखता येतात, परसातले पक्षी येत नाहीत. रविवारी वाडीतल्या मुलांना जमवून गोष्टी-कविता घ्यायच्या आहेत, तर सुरुवात कुठून करू आणि देवराई सांभाळणाऱ्या अदृश्य राखणदाराच्या गोष्टी सांगू की नको, असं तुम्ही विचारलंय. दापोली-मंडणगडकडच्या शाळांमधून मी बरीच वर्षं गोष्टी सांगत आलोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. गोष्टीतल्या प्राण्याला बोलू द्या, हसू द्या, रुसू द्या. पण त्याचं वागणं मात्र खरं ठेवा. कासवाला टोपी घालून शाळेत पाठवलं की मुलं हसतात, पण किनाऱ्यावर गेल्यावर त्यांना दिसणाऱ्या कासवाशी त्या गोष्टीचा काही संबंध उरत नाही. आपल्याकडे तर खरं वागणंच इतकं नवलाचं आहे की वर मसाला लागत नाही.

धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याचंच बघा. जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत मादी शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. अंडी घालून ती आत बसते, तिथेच तिची पिसं झडतात, म्हणजे उडून जायचंही बंद. नर वड-उंबराची फळं घशात साठवून आणतो आणि त्या फटीतून तिला एकेक देतो. पिल्लं बरीच मोठी होईपर्यंत हे चालतं. ही गोष्ट सांगताना मी नराच्या बाजूने सांगतो. सकाळी निघाला, पहिल्या उंबरावर माकडं बसलेली, दुसऱ्यावर फळंच नाहीत, ऊन चढलं, आणि तिकडे ढोलीतून चोच बाहेर आलेली. इथे थांबायचं. कुणीतरी हमखास विचारतं, ‘तो परत आलाच नाही तर?’ खोटा दिलासा देऊ नका. आतल्यांचा जीव त्याच्यावर अवलंबून आहे हे सांगा आणि मग त्याला परत आणा. ढोली फक्त जुन्या झाडाला असते हेही गोष्टीतच येऊ द्या. विणीच्या आधी जोडी घर शोधत फिरते तेव्हा कोवळ्या झाडांना नकार मिळत जातो. झाडं तोडू नयेत असं वेगळं सांगायची गरज मला कधी पडली नाही. उन्हाळ्यात फळांनी लगडलेल्या एखाद्या वडाखाली मुलांना घेऊन बसा. पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी मागून दिसतो.

कासवांसाठी तर तुम्हाला लांब जायलाच नको. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास कासवांची घरटी जपायचं काम सुरू केलं आणि पुढे कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर घरटी जपली जाऊ लागली. त्यात तुमचं गुहागरही आहे. नऊ वर्षांच्या मुलाला बागेश्रीची गोष्ट नकाशा पुढे ठेवून सांगा. २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या दोन माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवून त्यांना समुद्रात सोडलं. एकीचं नाव बागेश्री, दुसरीचं गुहा. बागेश्री दक्षिणेकडे गेली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. हा सगळा प्रवास मुलाला बोटाने काढू द्या.

सहा वर्षांच्या मुलीला मात्र वाळूतली गोष्ट जास्त आवडेल. आई रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळू उकरत एकमेकांच्या मदतीने वर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. आई त्यांना भेटत नाही. लहान मुलांना हे ऐकून गलबलून येतं, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून कुणी कुणी शेवटी आई लाटेत वाट बघत असल्याचं सांगतात. मला ते पटत नाही. वाळू जास्त तापली तर मुली जास्त, कमी तापली तर मुलगे जास्त, हेही त्यांना सांगा. मुलं मग वाळूला हात लावून आज काय निघणार याचे अंदाज बांधत बसतात. फेब्रुवारी ते मे या दिवसांत पिल्लं सोडताना दाखवायला न्या. जाताना पिल्लं उजेडाकडे का चालतात ते पुन्हा आठवून द्या, म्हणजे बॅटरी आणि मोबाइल खिशात ठेवा असं सांगावं लागणार नाही.

कवितेबद्दल. सहा-सात वर्षांपर्यंत कविता आधी आवाज असते, अर्थ मागून येतो. म्हणून पक्ष्यांच्या आवाजावरून सुरू करा. पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणतो, तांबट दुपारभर टुक टुक करतो, ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर पहाटे माणसासारखी शीळ घालतो. मुलांनी हे आवाज काढून त्यांच्या ओळी करायच्या. आज्यांना बोलवा आणि ओळी घरच्या बोलीतच राहू द्या, पुस्तकी करू नका. मोठ्या मुलांना हुमाणं, म्हणजे कोडी, घालायला लावा. आमच्या मुलांसाठी केलेलं हे एक:

भरतीला बुडतात, ओहोटीला दिसतात,
चिखलातून वर येऊन श्वास घेत बसतात.

उत्तर खाडीतल्या तिवराच्या झाडाची मुळं. खाडीवर नेऊन दाखवल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही. तिथल्याच कांदळाच्या झाडाची गंमत वेगळी. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबत राहतं. त्यावरचं हुमाण मुलांनाच करू द्या.

आणि हे आंब्यावरच्या ओंबिलींसाठी, म्हणजे पानांचं घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांसाठी, ज्यांना काही ठिकाणी हुमले म्हणतात:

आंब्यावर घर कुणी
शिवलं हो पानांचं?
सुई नाही, दोरा नाही,
काम कुण्या हातांचं?

बाळ धरून तोंडात
ओंबील आली वर,
बाळाच्याच रेशमाने
शिवलं सारं घर.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. काही मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, बाकीच्या आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि अळीच्या तोंडून निघणाऱ्या धाग्याने पानं जोडतात. हे सांगितल्यावर चावऱ्या ओंबिलींकडे मुलं हात मागे बांधून अर्धा अर्धा तास बघत उभी राहतात.

कल्पनेला मोकळं रान हवंच असेल तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर जा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं आहेत. कशेळीला एक प्रचंड हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगातच इतर अनेक प्राणी आहेत. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. ती कुणी आणि कशासाठी कोरली, याचं नक्की उत्तर कुणाजवळ नाही. तिथे मुलांनी हवी ती गोष्ट रचावी. मी तर तिथे स्वतः गोष्ट सांगतच नाही, ऐकतो. एरवी काळाकुट्ट दिसणारा तोच सडा श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरतो. तिथल्या सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं दाखवा आणि ही नाजूक झाडं जमिनीखाली इवल्या पिशव्यांत किडे पकडतात हे सांगा. मुलं पोटावर झोपून बघतात.

आता राखणदार. जरूर सांगा. देवराईत कोयता चालवायचा नाही हा नियम कोकणात पिढ्यान्‌पिढ्या याच गोष्टींनी सांभाळलाय, आणि त्यामुळेच तिथे आजही जुनी झाडं उभी आहेत. फक्त त्याला भूत करू नका. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात तो राखणदार घुंगुरकाठी वाजवत हद्दीवरून फिरतो आणि रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. त्याचा धाक वाटावा, पण आधारही वाटावा. शक्य असेल तर ही गोष्ट गावातल्याच एखाद्या आजोबांच्या तोंडून, देवराईच्या कडेला बसून, दिवसाढवळ्या ऐकवा. सहा वर्षांच्या मुलीला रात्री झोपताना नको.

रविवारी एकच गोष्ट घ्या, जास्त नको. पुढच्या रविवारी तीच मुलांकडून सांगून घ्या. शाळेतल्या बाई तयार असतील तर परिपाठात रोज एक हुमाण घालता येईल, दोन मिनिटं पुरतात. सुरुवात ओंबिलींपासून करा, त्यांचं घर तुमच्या आवारातल्या आंब्या-काजूवर बहुधा असेलच. पहिल्या रविवारी मुलांनी काय काय विचारलं ते इथे लिहा, म्हणजे पुढच्या गोष्टी त्यावरून ठरवता येतील.