तिला दुकानात जाऊ दे की

पत्र असं आहे:

"अक्का, मी सीए आहे, वय ४४, बेळगावात टिळकवाडीत स्वतःचं ऑफिस आहे. माहेर तालुक्याच्या पश्चिम भागातलं, घरची शेती. आमच्या गावातली मी पहिली सीए, त्यामुळे शाळेचा कार्यक्रम असो की मंडळाचा, सत्काराला बोलावणं असतंच. विसाव्या वर्षी बीकॉम झाले, एकतिसाव्या वर्षी सीए. माझ्या भावाची मुलगी, वय २२, माझ्याकडेच राहून सीए इंटर, म्हणजे सीएची मधली परीक्षा देतेय. पेपरांचा पहिला ग्रुप सुटला, दुसरा दोनदा गेला, ऑडिटिंगमध्ये दोन्ही वेळा चाळीसच्या खाली. क्लासची फी, पुस्तकं, टॅब, वेगळी खोली, सगळं मी दिलंय. मला मार्केट यार्डात आडतीच्या दुकानात पहाटेपासून शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहून कॉलेज करावं लागलं, तिच्यावर तसली वेळ येऊ दिली नाही. आणि आता ही म्हणते, रविवार पेठेत एका होलसेल किराणा दुकानात बिलिंगची नोकरी मिळालीय, मी जाणार. सीएची भाची पेठेत बिलं फाडत बसणार? काही बोललं की रडते नाहीतर दार लावून बसते. भाऊ विचारतोय, तुझ्याकडं ठेवून काय झालं पोरीचं? त्याला काय सांगू आणि तिला कसं समजावू?
टिळकवाडीची आत्या"

बाई, भाचीचं नंतर बोलू. आधी त्या आडतीच्या दुकानाचं बोलू, कारण बाकी सगळं तू सविस्तर लिहिलंस, टॅबसुद्धा सोडला नाहीस, आणि त्या दुकानाला जेमतेम एक ओळ दिलीस, तीपण हात झटकल्यासारखी.

मला ते काम माहीत आहे. नोकरीची सगळी वर्षं मी एका क्रेडिट सोसायटीत कॅशला बसले, यार्डातले आडते आमचे खातेदार होते आणि त्यांच्याकडं पट्ट्या लिहिणारी पोरंपोरी भरणा घेऊन माझ्याच खिडकीवर यायची. पहाटे गावाकडनं पहिल्या बसनं यायचं, तोवर यार्डात गाड्या लागलेल्या असायच्या, हमाल पोती उतरवणार, तोलार वजन ओरडून सांगणार, ते ऐकता ऐकता लिहायचं, किती पोती, बारदानाचं वजन वजा, भाव काय लागला, मग हमाली वजा, तोलाई वजा, गाडीभाडं वजा, शेतकऱ्यानं पेरणीच्या टायमाला उचल घेतली असेल तर ती वजा, आणि खाली जी रक्कम उरते ती त्याच्या हातात द्यायची. तो समोरच उभा असतो. रात्रभर जागलेला असतो, गावाकडं बायको वाट बघत असते, आणि तुझा एक आकडा चुकला की त्याच्या घरातलं काहीतरी कमी होणार असतं. शेतकरी कधी मराठीत भांडणार, कधी कन्नडमध्ये, दोन्हीकडं उत्तर द्यायचं. नवरात्राच्या आसपास रताळ्याची आवक सुरू झाली की तर श्वास घ्यायला फुरसत नाही, आपल्या पश्चिम भागातली रताळी पार दिल्लीपर्यंत जातात, एका सकाळी किती पट्ट्या व्हायच्या ते तुला माहीत. आणि उठायच्या आधी रोकड जुळली पाहिजे, नाही जुळली तर कॉलेजचा पहिला तास गेला.

आता मला सांग, ऑडिटिंग तू कुठं शिकलीस?

तुला वाटतंय पुस्तकात शिकलीस. मला नाही वाटत तसं. पट्टीतल्या शेवटच्या रकमेवर विश्वास ठेवायचा नाही, वरनं एकेक वजाबाकी बघत खाली यायचं, हे तू एकोणिसाव्या वर्षी रोज पहाटे करत होतीस. पोती वहीत पंचवीस आणि गाडीत चोवीस असली की आधी गाडीत बघायचं मग वहीत, हे तुला कुठल्या क्लासच्या सरांनी शिकवलं नव्हतं. आज पेठेतला, यार्डातला व्यापारी तुझ्याकडं कागद घेऊन येत असेल (येतच असणार, आपल्या गावात सीएचं दुकान त्यांच्यावरच चालतं), तर तो काही तुझ्या भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून येत नाही. कच्च्या चिठ्ठीवर काय असतं, उधारी सहा महिने का अडकते, माल परत आला की तो वहीत कसा दिसतो, हे तुला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही म्हणून येतो.

त्या एकोणीस वर्षांच्या पोरीबद्दल मला फार माया वाटते गं. थंडीत बोटं आखडलेली, ओढणीला रताळ्याची माती, आणि अकरा वाजता वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसायचं. आणि तिलाच तू गेली कित्येक वर्षं घरात येऊ दिलेलं नाहीस. सत्काराला जातेस तिथं तिचं नाव काढतेस का? काढत असतीस तर पत्रात असं एका ओळीत आली नसती ती.

आणखी एक हिशेब बघ. विसाव्या वर्षी बीकॉम, एकतिसाव्या वर्षी सीए, असं तू एका दमात लिहून मोकळी झालीस. मधली अकरा वर्षं कुठंयत? तेव्हा आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकाऊ म्हणून करायचं काम, तीन वर्षांची होती, ती तीन काढ. बाकीची आठ? कुणी तुझ्यापुढं असा ताळेबंद आणून ठेवला की ज्यात अकरा वर्षांचा खर्चच लिहिलेला नाही आणि खाली नुसता नफा दाखवलाय, तर तू त्याच्यावर सही करशील का? मग तोच ताळेबंद तू रोज त्या पोरीपुढं ठेवतेस ते कसं चालतं?

मी ओळखते त्या आठ वर्षांत काय असणार ते. निकाल असणार. कुठला तरी पेपर दोन मार्कांनी गेलेला असणार, एक ग्रुप सुटून दुसरा अडकलेला असणार, गावात तोंड लपवून जायचं, आणि नातेवाईक विचारणार, अजून चाललंयच का गं तुझं? ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ही परीक्षाच तसली आहे, प्रत्येक पेपरात चाळीस आणि ग्रुपला सरासरी पन्नास टक्के पाहिजेत, एका पेपरात घसरलीस की बाकीचे चांगले असून उपयोग नाही. नोव्हेंबर २०२३ ला फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांतले दहा टक्केसुद्धा पास झाले नव्हते. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तुझ्या भाचीला ते कुठनं माहीत असणार? ती आत्याच्या घरी राहते, हॉलमध्ये सत्काराच्या ट्रॉफ्या आहेत, आणि अख्ख्या घरात नापास झालेलं माणूस म्हणजे ती एकटीच. दार लावून बसेल नाही तर काय करेल?

बरं, आता दुकानाचं.

पोरगी ऑडिटिंगमध्ये दोनदा अडकली म्हणतेस. बाई, तिनं आयुष्यात एक तरी खरं व्हाउचर हातात धरलंय का? नवीन पद्धतीत, म्हणजे २०२३ पासून, इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिपला बसता येत नाही, पूर्वी एक ग्रुप सुटला तरी चालायचं. म्हणजे जिथं काम बघायला मिळणार तिथं जायच्या आधीच तिला कामाबद्दलचा पेपर सोडवायचाय, आणि तू तिला खोली देऊन दार लावून दिलंयस की आत बसून पाठ कर म्हणून. स्टॉक व्हेरिफिकेशन तिनं फक्त वाचलंय. व्हाउचिंग म्हणजे नोंदी पावत्यांशी ताडणं, डेटर्स म्हणजे उधारीवाले, सगळं नुसतं वाचलंय. साखरेचं पोतं फाटलं की त्याची क्रेडिट नोट कशी मागतात, टॅलीत नव्वद डबे तेल आणि गोडाऊनमध्ये सत्त्याऐंशी असले की आधी कुणाला विचारायचं, हे तिला कुणी दाखवलंय? तुझं ऑफिस खालच्या मजल्यावर असेल नाहीतर दोन गल्ल्या सोडून असेल, तिथंसुद्धा तू तिला बसवलेलं दिसत नाही, अभ्यास मोडेल म्हणून.

आणि रविवार पेठेसारखी जागा दुसरी कुठं मिळणार तिला? आपण सीमेवर राहतो, त्याचा एवढा तरी फायदा होऊ दे. सकाळी कोल्हापूरहून गाडी येणार, ते बिल दुसऱ्या राज्यातलं, आयजीएसटी. दुपारी हुबळीहून माल येणार, ते बिल राज्यातलं, सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळा. माल पन्नास हजाराच्या वर असला की ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा कागद आला, गाडी वाटेत बंद पडून मुदत संपली की ड्रायव्हरचा फोन हिलाच येणार. टॅक्सेशनच्या पुस्तकात जे प्रकरण तीनदा वाचून डोक्यात बसत नाही ते पेठेतल्या गर्दीत एका आठवड्यात बसेल, कारण चुकलं की मालक समोर उभा असणार. तू जे यार्डात शिकलीस तेच ती शिकायला निघालीय आणि तिनं ते स्वतःच शोधून काढलंय, कुणी सांगितलं नसताना. मला तर तिचं कौतुक वाटलं.

किर्लोस्कर रोडनं तू रोज जातेस. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जेजे स्कूलमध्ये गेले, आणि तिथं कळलं की काही रंग डोळ्यांना नीट दिसतच नाहीत. चित्रकला सुटली. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले, मुंबईतल्याच व्हीजेटीआय ह्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ती शिकवायची नोकरी केली, बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याला मिळाली, आणि ते नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर, सायकलींचं दुकान चालवलं. मशीन ड्रॉइंगचा मास्तर होता आणि आता सायकली विकतोय, असं त्या वेळच्या बेळगावात कुणी म्हटलं नसेल असं तुला वाटतं का? पुढं कडबा कापायचं यंत्र झालं, लोखंडी नांगर झाला, तर शेतकरी म्हणाले लोखंडानं जमिनीत विष भिनतं, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यावर बेळगावातली जागा सोडावी लागली ते वेगळंच, म्हणून १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण मुलांना सांगताना नांगरापासनं सुरू करतो आणि सायकलचं दुकान संघर्ष म्हणून एका वाक्यात उरकतो. मला ते पटत नाही. रंग दिसत नाहीत म्हणून ड्रॉइंग हाती आलं आणि त्या ड्रॉइंगशिवाय नांगर झाला नसता. पोटासाठी केलेली कामं, फसलेली कामं, सगळी पुढच्या कामात गेलीत, त्यातलं काही काढून टाकता येत नाही. तुझ्या यार्डाचंही तेच आहे.

लोक काय म्हणतील ते म्हणू दे. आठ दिवस म्हणतील आणि नंतर त्याच दुकानात साखर घ्यायला जातील.

तर आता समजावणं बंद कर. आज रात्री दार वाजव आणि सांग की सोमवारपासून जा. एवढंच करायचंय तुला. आणि हो म्हणताना यार्डाचं सांग, पहिल्या बसचं सांग, कुठल्या अटेम्प्टला कुठल्या पेपरात किती पडले ते आकड्यासकट सांग. सत्कारात करतेस तसलं भाषण नको, जिद्द, चिकाटी वगैरे काही नको. तुझ्या जुन्या मार्कलिस्ट असतील की घरात कुठंतरी, सीएच्या घरातला कागद कधी जातोय, त्या काढून तिच्या हातात दे आणि ती वाचेपर्यंत गप्प बस. ती रडेल कदाचित, रडू दे, ह्या वेळचं रडणं वेगळं असेल.

जानेवारीला बसायचं की मे ला, की बसायचंच नाही, हे ती तीन-चार महिने काम केल्यावर ठरवेल, तोवर जेवताना अटेम्प्टचा विषय काढायचा नाही. काम करून ती म्हणाली की मला सीए व्हायचं नाही, मला धंदाच आवडतो, तरी तुला ते ऐकून घ्यावं लागेल. फी तू भरलीस म्हणून तिचं पुढचं सगळं आयुष्य तुझ्या नावावर होत नाही, हे मी कडक बोलतेय पण बोलायलाच पाहिजे.

भावाला फोन करून सरळ सांग, पोरगी कामाला जातेय आणि मीच हो म्हटलंय. तो आवाज चढवेल. त्याला आठव म्हणावं, मी पहाटे पाचची बस धरायचे तेव्हा स्टॉपवर सोडायला कोण यायचं. तो येत असेल किंवा तुमचे वडील येत असतील, कुणीतरी येतच असणार, एकोणीस वर्षांच्या पोरीला अंधारात एकटी कोण पाठवतंय.

आणि त्या दुकानाचा मालक तुझ्या ओळखीचा निघणारच, पेठ केवढी ती. त्याला फोन करू नकोस. माझी भाची आहे, जरा सांभाळून घ्या, असलं काही नको. बिल चुकलं तर त्यानं तिला चार लोकांत बोललं पाहिजे, तुझ्या नावाला बिचकून तो गप्प बसला तर पोरगी तिथं नुसती खुर्ची अडवून बसेल आणि जे शिकायला गेलीय ते राहूनच जाईल.