जॉनी वॉकर ‘ओल्डेस्ट’ नावाची बाटली खरंच होती का? मुंबईत मिळेल का?

होती, अफवा नाही. जॉनी वॉकरच्याच आजच्या ब्लू लेबल व्हिस्कीची ती थोरली बहीण. लेबलवर चक्क ‘१५ ते ६० वर्षे’ असं छापलेलं असायचं. आता तसं चालत नाही. मिश्रणातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय तेच बाटलीचं वय, म्हणून ब्लू लेबलवर आकडाच नसतो.

मुंबईतल्या वाइन शॉपमध्ये शोधत फिरू नका, वेळ फुकट जाईल. मिळालीच तर परदेशातल्या जुन्या बाटल्यांच्या लिलावात. तिथून इथे आणायची तर प्रवाशाला दोन लिटर दारूवरच सीमाशुल्काची सूट, हे लक्षात ठेवा.

‘ओळखीतून आलीय’ म्हणणाऱ्यापासून मात्र लांबच राहा. महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटल्या भंगारात चढ्या भावाने उगाच जात नाहीत, त्या पुन्हा भरल्या जातात. बाटली उजेडात धरा: इतकी जुनी असूनही पातळी गळ्यापर्यंत टच्च असेल, लेबल पिवळं पण झाकणाचं सील करकरीत असेल, तर नमस्कार करून निघा. कुणाच्या आजोबांच्या शोकेसमध्ये सीलबंद सापडली तर गोष्ट वेगळी. आधी आजोबांनाच विचारा, कुठून आणली होती ते.