ऑफिस हलवताना फर्निचरचा कार्बन फूटप्रिंट कसा काढायचा, आणि जुनंच वापरायला लोकांना तयार कसं करायचं?

तुमचं ऑफिस हिंजवडीहून खराडीला चाललंय, तीनेकशे जणांचं फर्निचर आहे आणि वरून कार्बनचा आकडा मागितलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यातच फॅसिलिटीचं काम करते. माझं स्पष्ट मत सांगते: जुन्या खुर्च्यांच्या आकड्यात अडकू नका, नव्या किती घ्याव्या लागतील त्याचा आकडा काढा.

कारण असं की, ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलमध्ये (कंपन्यांचं उत्सर्जन मोजायच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत) फर्निचर स्कोप ३ मधल्या, म्हणजे पुरवठादार वगैरे इतरांकडे होणाऱ्या उत्सर्जनातल्या, ‘भांडवली वस्तूं’त धरतात. अकाउंट्सवाले खुर्चीची किंमत साधारण १० वर्षांच्या घसाऱ्यात वाटतात. कार्बनच्या हिशेबात घसारा नसतो. ज्या वर्षी खरेदी, त्याच वर्षी सगळा बोजा. त्यामुळे हातातली खुर्ची आणखी कितीही वर्षं वापरली तरी दुरुस्तीचे सुटे भाग सोडले तर खात्यावर काही चढत नाही. पण वहीतली किंमत शून्यावर आली की खुर्चीच संपली असं धरलं जातं आणि चांगला माल भंगारात जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोजताना रुपयांवरून जाऊ नका. खर्चाला ‘रुपयामागे इतकं उत्सर्जन’ असा गुणांक लावला की महागडी पण टिकाऊ खुर्ची उगाच वाईट दिसते. पुरवठादाराकडे त्या मॉडेलचा पर्यावरण अहवाल असेल तर तो घ्या. नसेल तर प्रत्येक प्रकारचा एक नग सुटा करून त्यातल्या पोलाद, प्लास्टिक वगैरेचं वेगवेगळं वजन करा. किलोमागे कार्बन डायऑक्साइड ढोबळमानाने असा धरता येतो: भारतातलं पोलाद सुमारे २.५ किलो, कोळशाच्या विजेवर तयार झालेलं नवं अ‍ॅल्युमिनियम १५ ते २० किलो, फोम आणि साधं प्लास्टिक २ ते ५ किलो. म्हणजे खुर्चीचा अडीच किलोचा अशा अ‍ॅल्युमिनियमचा बेस एकटाच ४०-५० किलोंवर जातो. वाहतुकीची धास्ती घेऊ नका. एक लिटर डिझेल म्हणजे साधारण २.७ किलो. हिंजवडी ते खराडी टेम्पोला चारेक लिटर लागलं, तरी खुर्च्यांनी भरलेल्या अख्ख्या फेरीचे अकराच किलो होतात. खरेदी टळल्यामुळे वाचलेलं उत्सर्जन मात्र वेगळं दाखवा, एकूण आकड्यातून वजा करू नका.

खुर्चीत बिघडतं काय? गॅस लिफ्ट (उंची कमी-जास्त करणारा दांडा), चाकं, हातांचे पॅड, बसका फोम. सांगाडा बहुधा ठणठणीत असतो आणि हे सगळे भाग बदलता येतात. स्टीलची कपाटं, पेडेस्टल (टेबलाखालचे ड्रॉवर) तर जशीच्या तशी जातात. अडचण पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) वर्कस्टेशनची. ती एकदा खोलली की त्याच भोकात स्क्रू नीट धरत नाही. तिथे स्टीलची फ्रेम ठेवा आणि टॉप नवा घ्या.

आता माणसं. ‘जुनं’ कोणालाच आवडत नाही, आणि मळकट कापडाच्या खुर्चीवर कोणी बसावं असं मीही म्हणणार नाही. आधी धुऊन, पॅड बदलून दहा-बारा खुर्च्या तयार करा, लोकांना बसून बघू द्या. एका मजल्यावर एकाच प्रकारच्या ठेवा. साहेबांच्या केबिनमध्येही त्याच हव्यात. साहेबांना नव्या आणि बाकीच्यांना जुन्या असं झालं, तर तुमचं पुढे कोणी ऐकणार नाही.

उरलेलं शाळेला द्यायचं असेल तर आधी त्यांना विचारा. मोठ्यांच्या फिरत्या खुर्च्या मुलांच्या वर्गात कामाच्या नसतात, स्टाफरूमला किंवा ऑफिसला चालतात.

या सगळ्यात वेळ सर्वांत महाग. जागा मालकाच्या ताब्यात द्यायची तारीख आली की उशिराचं भाडं नको म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळा लॉट भंगारवाल्याच्या गाडीत चढतो. म्हणून निदान तीन महिने आधी नगांची मोजदाद करा: माप, अवस्था, काय दुरुस्त करायचं. नवा लेआउट जुन्या मापांवरच बेतला गेला पाहिजे, नाहीतर चांगली टेबलंही तिथे बसत नाहीत. तुमच्या आर्किटेक्टने खराडीचा आराखडा अजून पक्का केला नसेल, तर ही यादी याच आठवड्यात त्यांच्याकडे पाठवा.